जुन्या ऑसिलोस्कोपचा +१२ व्होल्टचा पुरवठा कोसळला आहे: ट्रान्झिस्टर बदलावा की दोष दुसरीकडे शोधावा?

शून्यरेषा (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९७०च्या दशकात बनलेला, दोन चॅनेलचा आणि पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा ॲनालॉग ऑसिलोस्कोप आहे. बराच काळ तो कपाटात पडून होता. आता चालू केल्यावर पुढचा दिवा लागतो आणि पंखा फिरतो, परंतु पडद्यावर रेषा उमटत नाही. ट्रिगर ऑटोवर ठेवून, दोन्ही चॅनेलच्या पोझिशनच्या खुंट्या मध्यावर आणून आणि इंटेन्सिटी पूर्ण वाढवूनही फरक पडला नाही. बीम फाइंडरचे बटण दाबल्यावर निदान एखादा ठिपका कोपऱ्यात दिसावा अशी अपेक्षा होती. तोही दिसत नाही.

सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असल्यामुळे प्रथम पुरवठे तपासले. यात +१५०, +५०, +१२, +५ आणि −१२ व्होल्ट असे पाच पुरवठे असून ते सर्व लिनियर पद्धतीचे आहेत, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठा फिल्टर कपॅसिटर आणि सिरीज-पास ट्रान्झिस्टर (भाराच्या मालिकेत बसून व्होल्टेज ठरावीक ठेवणारा) अशी रचना आहे. चाचणी-बिंदूंवर मिळालेली मापे अशी आहेत: +१५० च्या जागी १४९, +५० च्या जागी ४९.९ आणि +५ च्या जागी ५.०२ व्होल्ट. येथपर्यंत सर्व ठीक आहे. मात्र +१२ च्या जागी केवळ ०.३५ व्होल्ट मिळतात आणि −१२ च्या जागी −३.१ व्होल्ट. फ्यूज उडत नाही. +१२ च्या पास ट्रान्झिस्टरची हीटसिंक मिनिटभरात हात ठेवता येणार नाही इतकी तापते, म्हणून यंत्र लगेच बंद करतो.

यंत्र बंद असताना +१२ आणि ग्राउंड यांच्यामधला रोध मल्टिमीटरवर ०.६ ओहम दिसतो आणि प्रोब उलटे लावले तरी तेवढाच राहतो. तापणारा ट्रान्झिस्टर सॉकेटमधून काढून डायोड रेंजवर तपासला तेव्हा त्याचे दोन्ही जंक्शन व्यवस्थित आढळले.

दोन पुरवठे एकाच वेळी बिघडले असल्यामुळे दोन्हींचे पास ट्रान्झिस्टर आणि त्यांना चालवणारे लहान ट्रान्झिस्टर एकदमच बदलून टाकावेत, असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का? तसेच, एवढ्या जुन्या यंत्रातील सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणे आवश्यक मानावे का? मी ऑडिओ ॲम्प्लिफायर दुरुस्त केलेले आहेत, परंतु सीआरटी (पडद्याची चित्रनळी) असलेल्या यंत्रात यापूर्वी हात घातलेला नाही, त्यामुळे सुरक्षिततेविषयीही सांगितल्यास आभारी राहीन.

ऋणाग्र

आपण आकडे नीट दिले आहेत, त्यामुळे निदानाचा मोठा भाग त्यांतूनच निघतो. ट्रान्झिस्टर बदलू नका. ते बिघडलेले नाहीत, उलट ते आपले काम चोख करत आहेत.

फ्यूज का उडत नाही, येथून सुरुवात करू. त्या काळच्या चांगल्या यंत्रांतील रेग्युलेटरांमध्ये प्रवाहमर्यादा असते आणि बहुधा ती फोल्डबॅक प्रकारची असते, म्हणजे आउटपुट जसजसे खाली ओढले जाते तसतसा रेग्युलेटर प्रवाहही कमी करत जातो. मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवल्यावर साधारणतः ०.२ ओहम दिसतात. ते वजा केल्यास तुमचा खरा रोध ०.४ ओहमच्या आसपास येतो. त्यावर ०.३५ व्होल्ट पडत असतील तर प्रवाह पाऊण ते एक अँपिअरच्या दरम्यान आहे. फिल्टर कपॅसिटरवर अठरा-वीस व्होल्ट असतील, तर जवळपास सगळा दाब (व्होल्टेज) पास ट्रान्झिस्टरवरच पडतो आणि पंधरा वॅटपेक्षा जास्त उष्णता त्याला एकट्याला झेलावी लागते. तो तापण्याचे कारण एवढेच आहे. बिघडलेला पास ट्रान्झिस्टर बहुधा शॉर्ट होतो किंवा उघडा पडतो. पहिल्या प्रकारात आउटपुट वर चढते आणि दुसऱ्या प्रकारात हीटसिंक थंड राहते. तुमच्याकडे यांपैकी काहीच घडलेले नाही.

आता −१२ विषयी. मॅन्युअलमधील सर्किटचा नकाशा उघडा आणि −१२ च्या रेग्युलेटरला स्वतःचे काम करण्यासाठी कोणत्या पुरवठ्याची गरज लागते ते पाहा. त्याचा एरर ॲम्प्लिफायर (आउटपुटची संदर्भाशी तुलना करून फरक दुरुस्त करणारा भाग) +१२ वरून चालत असेल, तर +१२ कोसळल्यावर −१२ तग धरू शकत नाही, आणि असे असल्यास −१२ मध्ये दोष शोधणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय ठरेल. ही परावलंबी रचना त्या काळी सर्रास वापरली जात असे. टेक्ट्रॉनिक्सच्या १९७२ च्या सुमाराच्या ४६५ या मॉडेलमध्ये +५५ व्होल्टचा पुरवठा बाकीच्यांचा संदर्भ म्हणून वापरलेला आहे. तो हलला की सगळेच हलतात. म्हणून अनेक पुरवठे एकदम चुकीचे दिसले तर दोष अनेक आहेत असे न मानता, कोण कोणावर अवलंबून आहे याची साखळी आधी कागदावर मांडावी. तुमचा +५० उत्तम आहे, +५ उत्तम आहे, त्यामुळे साखळीचे मूळ शाबूत आहे असे धरून चालता येईल.

राहता राहिला प्रश्न ०.४ ओहमच्या शॉर्टचा. प्रोब उलटे लावूनही रोध तेवढाच राहतो, त्यामुळे तो डायोड किंवा जंक्शन यांच्यामार्फत दिसणारा रोध नाही. +१२ च्या मार्गावर ठिकठिकाणी मण्याच्या आकाराचे टॅन्टलम कपॅसिटर लावलेले असतील. घन टॅन्टलमचा कपॅसिटर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो आणि माझा पहिला संशय तेथेच आहे. परंतु संशयावर विसंबून एकेक कपॅसिटर उपटत बसू नका. पन्नास वर्षांच्या बोर्डावरील तांब्याचे ट्रॅक सोल्डरिंगच्या उष्णतेने सुटून येतात आणि मग मूळ दोषापेक्षा ते निस्तरणे अवघड होते.

त्याऐवजी पुढीलप्रमाणे करा. यंत्र बंद ठेवून, मेन्सचा प्लग काढून, प्रथम बोर्डांचे कनेक्टर एकेक सोडवा आणि प्रत्येक वेळी +१२ चा रोध पाहा. ज्या बोर्डाचा कनेक्टर काढल्यावर रोध एकदम वाढेल तो बोर्ड दोषी समजावा. त्यानंतर त्या बोर्डावरील डीकपलिंग रेझिस्टर नकाशात शोधा. बऱ्याच ठिकाणी मुख्य ट्रॅकवरून १० ओहमच्या रेझिस्टरमधून पुढे छोट्या विभागाला पुरवठा नेलेला असतो. तुम्हाला ०.४ ओहम दिसत असल्यामुळे, १० ओहमच्या पलीकडचा कोणताही कपॅसिटर दोषी असू शकत नाही. तसा असता तर १०.४ ओहम दिसले असते. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धेअधिक संशयित सुटतात.

उरलेल्यांसाठी बाहेरच्या नियंत्रित पॉवर सप्लायवर प्रवाहमर्यादा १ अँपिअर ठेवा, दाब अर्ध्या व्होल्टच्या वर जाणार नाही असा लावा आणि केवळ त्या सुट्या बोर्डाच्या +१२ च्या पिनवर तो द्या. अर्ध्या व्होल्टला सिलिकॉनची जंक्शने वाहू लागत नाहीत, त्यामुळे जवळजवळ सगळा प्रवाह शॉर्टमधूनच जाईल. मल्टिमीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून काळा प्रोब ग्राउंडला पक्का करा आणि लाल प्रोब ट्रॅकवरून पुढे सरकवत न्या. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा दोन मिलिमीटर रुंद ट्रॅक चार सेंटिमीटरला सुमारे १० मिलिओहम रोध देतो, म्हणजे एका अँपिअरला १० मिलिव्होल्टचा फरक, जो साधा मीटरही सहज दाखवतो. पाटाचे पाणी ज्या फाट्याने ओढले जाते त्याच फाट्याला प्रवाह दिसावा, तसा हा उतार फक्त शॉर्टच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावर मिळेल. शॉर्टच्या पलीकडे किंवा भलत्या फाट्यावर आकडा जराही बदलणार नाही.

डाखकाम

वरील पद्धत शास्त्रशुद्ध आहे हे मान्य आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. यंत्राला पन्नास वर्षे झालेली आहेत. एक टॅन्टलम गेला असेल तर बाकीचेही त्याच वाटेवर असणार, आणि इलेक्ट्रोलिटिक तर सुकलेले असणारच. यंत्र उघडलेच आहे तर सर्व टॅन्टलम आणि सर्व इलेक्ट्रोलिटिक एकदाच बदलून घ्यावेत, म्हणजे पुन्हापुन्हा झाकण उघडावे लागणार नाही. त्याशिवाय, अशी बराच काळ बंद असलेली यंत्रे थेट पूर्ण दाबावर चालू न करता व्हेरिॲकने (दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू दाब वाढवत चालू करावीत, म्हणजे कपॅसिटरांना सावरायला अवधी मिळतो.

स्पंद

डाखकाम यांच्या सूचनेमागील हेतू समजतो, तरीही सरसकट बदलाला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण काटकसर हे नाही. समजा तुम्ही चाळीस कपॅसिटर बदलले आणि त्यानंतर यंत्र सुरू झाले नाही, तर आता तुमच्यासमोर मूळ दोष आहे, त्यात एखादा उलटा लागलेला कपॅसिटर आहे, एखादा सुटलेला ट्रॅक आहे आणि दोन पिनांमध्ये सांडलेला सोल्डरचा थेंब आहे. मूळ लक्षणे पुसली गेलेली असल्यामुळे शून्यरेषा यांनी घेतलेल्या उत्तम मापांचाही काही उपयोग उरत नाही. उलटे लागण्याची शक्यता तर फारच मोठी असते, कारण ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवर ऋण बाजूला पट्टी असते आणि टॅन्टलमवर धन बाजू दाखवलेली असते. सवयीने हात चुकतो, आणि उलटा लागलेला टॅन्टलम ज्वाळेसकट फुटू शकतो.

दुसरे असे की, कोणता कपॅसिटर खराब आहे हे मोजता येते. फिल्टर कपॅसिटरवरचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) पाहिला की त्याची उरलेली क्षमता कळते, आणि बोर्डावरील लहान इलेक्ट्रोलिटिकसाठी ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत मालिका-रोध) मोजणारा मीटर पुरेसा असतो. त्या काळच्या उत्तम प्रतीच्या संगणक-दर्जाच्या कॅन कपॅसिटरांपैकी कित्येक आजही आपल्या छापील क्षमतेपेक्षा अधिक क्षमता दाखवतात. अपवाद मी एकाच गोष्टीचा करतो: मेन्स फिल्टरमध्ये पिवळसर पारदर्शक आवरणाचे धातुलेपित कागदी कपॅसिटर असतील आणि त्यांच्या आवरणावर बारीक तडे दिसत असतील, तर ते न मोजताच बदलावेत. तड्यांतून आर्द्रता आत शिरते आणि ते चालू यंत्रात घाण वासाचा दाट धूर सोडून फुटतात.

व्हेरिॲकविषयी एक पथ्य सांगतो. लिनियर पुरवठ्याच्या यंत्राला दाब हळूहळू वाढवून दिल्यास हानी होत नाही. स्विचिंग पुरवठ्याच्या यंत्राचे मात्र उलटे असते. तो पुरवठा दाब कमी असताना तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो आणि अर्धवट दाबावर रेंगाळत ठेवल्यास त्याचाच घात होतो. शिवाय व्हेरिॲक हा ऑटोट्रान्सफॉर्मर असल्यामुळे तो मेन्सपासून विलगता देत नाही, हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. दोषी यंत्र प्रथमच चालू करताना मी मालिकेत जोडलेला साधा तारेचा बल्ब अधिक पसंत करतो. २३० व्होल्टच्या १०० वॅट बल्बाचा रोध पेटलेला असताना सुमारे ५३० ओहम असतो आणि थंड असताना त्याच्या दहा-पंधरा पट कमी. त्यामुळे यंत्र ठीक असेल तर बल्ब मिणमिणतो, आणि शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटून प्रवाह अडवतो. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, ह्युलेट-पॅकार्ड या कंपनीचे पहिले उत्पादन असलेल्या २००ए या ऑडिओ ऑसिलेटरमध्ये आउटपुटचा आवाका स्थिर ठेवण्यासाठी बल्बाच्या याच गुणधर्माचा वापर केलेला होता.

सुरक्षिततेविषयी विचारले आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या प्रकारच्या ऑसिलोस्कोपमध्ये सीआरटीचा कॅथोड ग्राउंडच्या खाली सुमारे दोन हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतो आणि जलद यंत्रांत ॲनोडवर दहा हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो. दूरचित्रवाणी संचाची सवय असणाऱ्यांना फक्त ॲनोडच्या जाड वायरची भीती असते. येथे मात्र फोकस आणि इंटेन्सिटीचे सर्किट, म्हणजे नळीच्या मागील सॉकेटची सगळी बाजूच, त्या दोन हजारांवर तरंगत असते. साधा मल्टिमीटर १००० व्होल्टच्या पुढे वापरू नये; त्यासाठी उच्चदाबाचा प्रोबच हवा. यंत्र बंद केल्यावर कपॅसिटरांतील भार रेझिस्टरमार्फत उतरवावा, स्क्रूड्रायव्हरने थेट ठिणगी पाडून नव्हे. आणि त्यासाठी एकच छोटा रेझिस्टर वापरू नये, कारण पाव वॅटच्या रेझिस्टरची दाब सोसण्याची मर्यादा काहीशे व्होल्टच असते. अनेक रेझिस्टर मालिकेत जोडून लांब इन्सुलेटेड नळीत बसवलेली कांडी करून घ्यावी. एकदा उतरवलेला भार डायइलेक्ट्रिकच्या गुणधर्मामुळे थोडा पुन्हा वर येतो, म्हणून हात घालण्यापूर्वी पुन्हा एकदा कांडी टेकवावी. सुदैवाने तुमचा सध्याचा दोष ज्या भागात आहे तेथे यापैकी कशालाही स्पर्श करण्याची गरज नाही.

शून्यरेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऋणाग्र यांनी सांगितल्याप्रमाणे नकाशा पाहिला. −१२ च्या एरर ॲम्प्लिफायरला खरोखरच +१२ वरून पुरवठा आहे. त्यामुळे त्या बाजूला हात लावला नाही.

कनेक्टर सोडवत गेलो तेव्हा टाइम-बेसच्या (रेषा आडवी सरकवणाऱ्या भागाच्या) बोर्डाचा कनेक्टर काढताच मुख्य +१२ चा रोध साठ ओहमच्या वर गेला आणि शॉर्ट त्या बोर्डाबरोबर बाहेर आला. बाहेरच्या पॉवर सप्लायने १ अँपिअर प्रवाह दिला. कनेक्टरच्या पिनवर ३८१ मिलिव्होल्ट, ट्रॅकच्या पहिल्या वळणावर ३७४, दोन जंपर ओलांडल्यावर ३६९ आणि एका निळ्या टॅन्टलमच्या धन पायावर ३६६ मिलिव्होल्ट मिळाले. त्याच ट्रॅकवर पुढे आणखी दोन टॅन्टलम आहेत, परंतु त्यांच्यापाशीही ३६६ च आले आणि शेवटपर्यंत आकडा हलला नाही. त्या निळ्या कपॅसिटरचा एक पाय उचलल्यावर प्रवाह थांबला. बाहेरून तो अगदी निर्दोष दिसतो, ना डाग ना तडा. त्यावर १० मायक्रोफॅरॅड, १५ व्होल्ट असे छापलेले आहे.

तात्पुरता १० मायक्रोफॅरॅड, ३५ व्होल्टचा टॅन्टलम बसवून, बल्ब मालिकेत ठेवून यंत्र चालू केले. बल्ब क्षणभर पेटून मंदावला. +१२ आणि −१२ दोन्ही आपल्या जागी आले आणि पडद्यावर रेषा उमटली. नंतर बल्ब काढून यंत्र थेट मेन्सवर चालवले.

मात्र आता एक नवी गोष्ट दिसते आहे. रेषा अपेक्षेपेक्षा जाड आहे आणि ट्रिगर लाइनवर (मेन्सच्या वारंवारतेवर) ठेवल्यास तिच्यावर स्थिर उभे राहणारे खाचे दिसतात. टाइम-बेसवरून मोजल्यास दोन खाचांमध्ये १० मिलिसेकंद अंतर आहे. +१२ वर मल्टिमीटरच्या एसी रेंजमध्ये काहीसा रिपल दिसतो, बाकी पुरवठ्यांवर जवळजवळ काही नाही. +१२ च्या फिल्टर कपॅसिटरवर एसी रेंज १.७ व्होल्ट दाखवते आणि डीसी १६ व्होल्ट. त्या कॅनवर ३००० मायक्रोफॅरॅड छापलेले आहे. मॅन्युअलप्रमाणे या पुरवठ्यावरील भार ०.८ अँपिअर आहे. हा रेग्युलेटरचा दोष समजावा का?

ऋणाग्र

दोष रेग्युलेटरचा नाही, फिल्टर कपॅसिटरचाच आहे, आणि या वेळी तो बदलण्याचे सबळ कारण तुमच्या आकड्यांतच आहे.

मेन्सची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने पूर्ण तरंगाच्या रेक्टिफायरनंतर रिपल १०० हर्ट्झचा, म्हणजे १० मिलिसेकंदांचा होतो. तुमच्या खाचांचे अंतर तेवढेच आहे. फिल्टर कपॅसिटरवरचा रिपल साधारणतः करवतीच्या दात्यांसारखा असतो, आणि त्या आकाराच्या तरंगासाठी एसी मीटरच्या आकड्याला ३.४६ ने गुणले की शिखर ते तळ असा पूर्ण आवाका मिळतो. सरासरीवर चालणारा स्वस्त मीटर सुमारे चार टक्के कमी दाखवेल, त्याने येथे फरक पडत नाही. तुमच्या १.७ चे जवळपास ६ व्होल्ट होतात. सरासरी १६ व्होल्ट धरल्यास शिखर १९ वर आणि तळ १३ वर येतो. पास ट्रान्झिस्टर आणि प्रवाह मोजणारा रेझिस्टर यांच्यासाठी दोन व्होल्ट तरी शिल्लक लागतात. प्रत्येक तळाशी ते उरत नाहीत, तेवढ्या क्षणापुरता रेग्युलेटर हतबल होतो आणि +१२ वर खाच पडते. रेषेवर दिसतात त्या याच खाचा.

आता कपॅसिटर किती उरला आहे ते पाहू. ०.८ अँपिअर गुणिले १० मिलिसेकंद, भागिले ३००० मायक्रोफॅरॅड, म्हणजे निरोगी कपॅसिटरवर २.७ व्होल्टचा रिपल अपेक्षित होता. तुमच्याकडे ६ आहे, म्हणजे क्षमता १३०० ते १४०० मायक्रोफॅरॅडवर आलेली आहे. इतर फिल्टर कपॅसिटरांवर हेच गणित करून पाहा. जे अपेक्षेत बसतात त्यांना हात लावू नका.

नवा कपॅसिटर ३३०० किंवा ४७०० मायक्रोफॅरॅडचा चालेल. त्याहून फार मोठा घेऊ नये, कारण चालू करतानाचा धक्का आणि प्रत्येक अर्धचक्रातील शिखर प्रवाह ब्रिज व ट्रान्सफॉर्मर यांना सोसावा लागतो. दाबाची क्षमता मूळ कपॅसिटरपेक्षा कमी नसावी.

स्पंद

यात एक गोष्ट हमखास निसटते, म्हणून ती आवर्जून लिहितो. जुन्या कॅन कपॅसिटरच्या तळाशी कडेला तीन-चार पाय असतात आणि ते सर्व कॅनला, म्हणजे ऋण बाजूला, जोडलेले असतात. कित्येक बोर्डांवर या पायांमार्फतच ग्राउंडचे वेगवेगळे ट्रॅक एकमेकांना मिळतात. कॅन हा त्या ठिकाणी नकळत जंपरचे काम करत असतो. नवा दोन पायांचा कपॅसिटर लावला की ते ट्रॅक सुटे पडतात, आणि यंत्र एक तर सुरूच होत नाही किंवा आधीपेक्षा अधिक गुणगुणते. म्हणून कॅन काढण्यापूर्वी त्याचा प्रत्येक पाय कोठे जातो याचे छायाचित्र घ्या, काढल्यानंतर त्या छिद्रांमधला रोध मोजा आणि जी छिद्रे आता एकमेकांपासून तुटलेली दिसतील ती जाड तारेने जोडा.

टॅन्टलमविषयी थोडे. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर १५ व्होल्टचा टॅन्टलम हा फारच कमी फरक आहे. कमी रोधाच्या पुरवठ्यावर घन टॅन्टलम त्याच्या छापील दाबाच्या निम्म्यावर वापरावा, हा संकेत नंतर रूढ झाला, आणि त्या हिशेबाने तुम्ही बसवलेला ३५ व्होल्टचा योग्य आहे; तो तात्पुरता समजण्याचे कारण नाही. त्याच बोर्डावर, त्याच ट्रॅकवर १५ व्होल्टचे आणखी दोन आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ते मात्र मी बदलीन. डाखकाम यांचा मुद्दा तेवढ्यापुरता मला पटतो, कारण तेथे निर्णय वयावरून नव्हे तर छापील दाबावरून घेतलेला आहे.

डाखकाम

हे मला मान्य आहे. फक्त एक जोड देतो. टाइम-बेसचा बोर्ड बाहेर आहेच, तर त्यावरील सॉकेटमध्ये बसवलेले ट्रान्झिस्टर एकेक करून, कागदावर जागा लिहून ठेवत, काढून पुन्हा बसवा. सॉकेटच्या पात्यांवर चढलेला थर घासला जातो आणि अधूनमधून येणारे पुष्कळ दोष त्यानेच जातात. स्विचच्या सोनेरी मुलाम्याच्या पात्यांवर मात्र फवारा मारू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी पात्याखाली धरून, पाते हलके दाबून ती ओढून काढावी. पट्टीवर काळी रेघ उमटणे थांबेपर्यंत हे करावे.

शून्यरेषा

कपॅसिटर बदलून झाला. स्पंद यांनी सांगितले नसते तर निश्चितच अडकलो असतो, कारण कॅनच्या चार पायांपैकी दोन पाय ग्राउंडच्या दोन निरनिराळ्या ट्रॅकवर होते आणि कॅन काढल्यावर ते एकमेकांपासून पूर्णपणे सुटे झाले. तारेने जोडून ४७०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला. फिल्टरवरचा एसी आकडा आता ०.५ व्होल्ट आहे, रेषा बारीक झाली आहे आणि खाचा गेल्या आहेत. उरलेले दोन टॅन्टलमही बदलले. इतर चार फिल्टर कपॅसिटर गणितात बसतात, त्यामुळे ते तसेच ठेवले.

शेवटची शंका अशी की, +५० आता ४९.९ व्होल्ट आहे आणि मॅन्युअलमध्ये या पुरवठ्यासाठी अर्धा टक्का मर्यादा दिलेली आहे. तो अचूक ५०.० करून घ्यावा का? दुसऱ्या चॅनेलचा आवाका पहिल्यापेक्षा तीनेक टक्के कमी दिसतो, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

ऋणाग्र

अर्धा टक्का म्हणजे ४९.७५ ते ५०.२५. तुमचा ४९.९ मर्यादेत आहे, तेव्हा तो ट्रिमर फिरवू नका. +५० हा सर्वांचा संदर्भ असल्यामुळे तो हलवला की बाकीचे पुरवठे, सीआरटीचा उच्चदाब, दोन्ही चॅनेलचा गेन आणि टाइम-बेसचा वेग हे सगळे थोडेथोडे सरकते आणि संपूर्ण कॅलिब्रेशन पहिल्यापासून करावे लागते. दुसऱ्या चॅनेलचा दोष +५० मुळे असता तर तो दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच दिसला असता.

त्या चॅनेलची व्हेरिएबल खुंटी कॅलिब्रेटेड खाचेत पक्की बसली आहे का हे प्रथम पाहा. त्यानंतर यंत्र किमान वीस मिनिटे तापू द्या आणि पुढचा कॅलिब्रेटरचा सिग्नल एकाच प्रोबने आळीपाळीने दोन्ही चॅनेलना देऊन, प्रत्येक वेळी प्रोबचे कॉम्पेन्सेशन जुळवून तुलना करा. फरक अटेन्युएटरच्या (व्होल्ट प्रति भाग निवडणाऱ्या स्विचच्या) सर्वच पायऱ्यांवर सारखा असेल तर त्या चॅनेलचा गेन ट्रिमर मॅन्युअलप्रमाणे जुळवावा. तो एखाद्याच पायरीवर असेल तर ट्रिमरला स्पर्श न करता डाखकाम यांची कागदाची पट्टी त्या पायरीच्या पात्यांवर वापरावी.